क्लचवरचा लाकडी ठोकळा

गल्लीत त्याला सगळे नटबोल्ट म्हणायचे. बस डेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस; रस्त्यात स्क्रू दिसला की वाकून उचलणार, फुंकर मारणार आणि खिशात टाकणार. निवृत्त झाला त्या वर्षी त्यानं कोंबड्यांच्या फार्मवरून लढाईच्या काळातला एक छोटा लष्करी ट्रक ओढून आणला. ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. ती काही केल्या उतरेना. शेवटी फार्मवाल्यानं तिला काखेत मारली, तेव्हा कुठे गाडीचा ताबा मिळाला.

लगेच गल्लीत कुजबुज: या वयात नटबोल्टनं दुसरा संसार थाटला. त्याच्या बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "थाटू दे की. सवतीला निदान जेवायला वाढावं लागत नाही."

खरी भानगड होती सासऱ्यांची. त्यांना सगळे अण्णा म्हणत. उंचीनं बेताचे, बोलण्यात त्याहून बेताचे. तरुणपणी लढाईत त्यांनी असलाच ट्रक चालवला होता. नटबोल्ट पहिल्यांदा त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेला, तेव्हा धास्तीनं कढत चहा एका घोटात प्यायला, जीभ भाजून घेतली आणि पुढची सगळी बोलणी बोबडी केली. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण घाई करतो." मुलगी दिली; वाक्य मात्र परत घेतलं नाही. घर बांधलं, तर "घर बरं आहे, पण घाई केलीत." पहिली नात झाली तेव्हा अण्णांनी आधी कॅलेंडरकडे पाहिलं म्हणतात. खरंखोटं त्या कॅलेंडरालाच ठाऊक.

म्हणून ट्रक आणताना नटबोल्टनं मनाशी ठरवलं होतं ते एवढंच: अण्णा आपल्या हातानं हा ट्रक चालवतील आणि उतरल्यावर त्यांच्या तोंडून तो ‘पण’ निघणार नाही.

मग सुरू झालं काम. नव्या पद्धतीचा एकही स्क्रू नको. सरळ खाचेचे जुने शोधून बसवले. रंग स्प्रेनं नाही, ब्रशनं, कारण लढाईत ब्रशनंच द्यायचे. चकाकी आली म्हणून आख्खा दरवाजा घासून पुन्हा रंगवला. दिव्यांवर पत्र्याच्या टोप्या, त्यांना उजेडापुरती बारीक फट. ताडपत्री नाक्यावरच्या टेलरनं शिवली. तो बिचारा सफारी सूट शिवणारा. त्यानं हौसेनं आत अस्तर लावलं, तर नटबोल्टनं त्याच्यासमोर बसून ते उसवलं. "तुझ्या ट्रकचं लग्न आहे का, मला आधी सांग," टेलर म्हणाला.

वर्षांमागून वर्षं गेली. अण्णांनी ऐंशी ओलांडली. शेवटी एका रविवारी सकाळी बायको माहेरी जाऊन वडिलांना घेऊन आली.

अण्णांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. रंगावर नख फिरवलं. नटबोल्टचा जीव टांगणीला. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर चढले, स्टिअरिंग धरलं आणि डावा पाय पुढे केला. पाय हवेतच राहिला.

"ठोकळा कुठाय?"

"कसला ठोकळा, अण्णा?"

"क्लचवरचा. ही गाडी ताडमाड माणसांसाठी बनवलेली. आमची तुकडी बुटक्यांची. आमच्या झाडून सगळ्या गाड्यांच्या क्लचवर लाकडी ठोकळा असायचा."

नटबोल्टच्या तोंडचं पाणी पळालं. ठोकळा होता. गाडी आणली त्याच दिवशी त्यानं तो काढला होता. ट्रकच्या कारखान्यातल्या जुन्या फोटोत लाकूड नव्हतं, म्हणजे हा फार्मवाल्याचाच उद्योग, असं म्हणून पुढचामागचा विचार न करता. शिवाय ठोकळा कसायची पेडलची दोन्ही भोकं वेल्डिंगनं बुजवून, घासून सफाचट केलेली. इतक्या वर्षांत घाई केली ती तेवढी एकच.

त्यानं सगळं सांगून टाकलं. अण्णांनी मान हलवली. "वाटलंच," म्हणाले, आणि उतरू लागले.

"उतरू नका," नटबोल्ट म्हणाला. सासऱ्यांना त्यानं असं कधी सांगितलं नव्हतं. "बसा तिथंच."

"अहो, पण तो ठोकळा आहे कुठे?" बायकोनं विचारलं.

"तुलाच दिला होता."

तिला आठवलं. स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून दाराशी लावलेलं लाकूड. ती घेऊन आली तर मागे दार धाडकन आपटलं. आता कुठे नटबोल्टनं ठोकळा नीट पाहिला. मधोमध बुटाच्या तळव्यानं झिजून खळगा पडला होता.

तो ट्रकखाली आडवा झाला, पेडल सोडवलं आणि हातड्रिलनं आपल्याच वेल्डिंगमधून भोक पाडायला बसला. चहा आला, त्यावर साय धरली. पहिलं भोक झालं. अण्णांची सीटवर चुळबुळ सुरू झाली.

"झालं का, जावईबापू?"

"नाही."

"एका बोल्टवर भागेल की."

"दोन होते," नटबोल्ट मान वर न करता म्हणाला. "घाई कशाला?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. अण्णांना एवढं सुनावलेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

दुसरं भोक झालं, ठोकळा कसला, पेडल बसलं. अण्णांनी पाय टेकला. तो खळग्यात नेमका बसला. इंजिन खोकलं, मग लागलं. आणि अण्णांनी गाडी अशी सोडली की टेलरची दुकानाबाहेरची खुर्ची थोडक्यात वाचली आणि शेजारणीच्या दोन कुंड्या वाचल्या नाहीत.

"अण्णा, जरा सावकाश," शेजारी बसलेला नटबोल्ट दांडा घट्ट धरून म्हणाला.

अण्णांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

मैदानाला वळसा घालून ते परतले. इंजिन बंद केलं तरी अण्णांनी पाय ठोकळ्यावरून काढला नाही. मग दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून म्हणाले, "मुलगा बरा आहे."

ती पुढच्या शब्दासाठी थांबली. नटबोल्टही थांबला. अण्णांनी साय धरलेला चहा मागवून घेतला आणि बशीत ओतून, फुंकून फुंकून, सावकाश प्यायले.