बाळकृष्णाचं वस्त्र आणि माझा हेडफोन

मैत्रिणींनो, आज सकाळी हेडफोनवरून घरात वाजलं.

भजनं ऐकायला मी स्वस्तातला प्लॅनर, म्हणजे आत सपाट पातळ पडदा असलेला, हेडफोन घेतलाय. दिराच्या महागड्या प्लॅनरशी ताडून पाहिला. मृदंग दोन्हींत सारखाच मोकळा, फक्त माझ्यात झांज कानाला टोचायची. म्हणून कानाच्या गाद्या काढून आत मलमलीचा पातळ थर लावला. टोचणं थांबलं.

मलमल देवघरातल्या बाळकृष्णाच्या जुन्या वस्त्राची होती. सासूबाईंनी ती ओळखली.

"देवाचं वस्त्र नदीत सोडतेत, कानाले लावते काय? काढ ते."

"आई, नदीत सडण्यापेक्षा भजनाच्या कामी येऊन राह्यलं ना."

दीर हसला, "वहिनी, माह्या हेडफोनलेही लावून द्या."

तुम्ही काढलं असतं का? मी काढणार नाही. पाप लागत असेल तर माझ्या खात्यावर मांडा.