आईची गाठ चुकली तेव्हा

आज शेजारी गुलाबांची पाटी उतरली, ओल्या देठांचा वास आला आणि ती सकाळ आठवली. शिर्डीत आमचं हाराचं दुकान होतं. आई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, हाताकडे न बघता हार गुंफायची. त्या गुरुवारी गर्दी होती आणि तिला साधी गाठ मारता येईना. दोरा बोटाभोवती गुंडाळायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हात थरथरत नव्हते, बोटांत ताकदही होती. मला वाटलं, घरून निघताना झालेल्या आमच्या भांडणाचा राग काढतेय.

"मुद्दाम करतीस व्हय?" म्हणत मी सगळ्यांदेखत तिच्या हातावर फटका मारला.

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "मार अजून. मलाबी लई राग येतो ह्यांचा. सांगितलेलं ऐकतच न्हाईत."

"नाटकं पुरे," म्हणत मी तिला उठवलं आणि तिच्या जागी बसले.

महिन्याभराने डॉक्टरांनी सांगितलं, तिला मेंदूचा आजार आहे, त्यात हात शिकलेलं विसरतात. पुढे तिला निऱ्या घालता येईनात, घास तोंडापर्यंत नेता येईना. मी भरवायला हात पुढे केला की ती आपले दोन्ही हात पदराखाली लपवायची, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.