नेहमीचंच पोट

मुलांनो, आज सकाळी समोरच्या इमारतीतली सून रस्त्यावर उभी राहून, टॉवेल हलवत रुग्णवाहिकेला वाट दाखवत होती. सासऱ्यांना दरदरून घाम आला, एवढ्यावर तिने फोन केला होता.

तुमच्या आजोबांचं आतडं नाजूक. काळजी वाटली की पोटात कळ ठरलेली. ते गेले त्या दिवशी म्हणाले, "अगं, आज वेगळंच दुखतंय."

"तुमचं रोजच वेगळं असतं! ओवा चावा आणि पडा," म्हणत मी पोळ्या लाटत राहिले. ते दुखणं हृदयाचं होतं.

वर्षानुवर्षं ऐकलेलं दुखणं पुढे पुढे ऐकूच येईनासं होतं.

तुमचा बाबा अजून म्हणतो, रुग्णवाहिकेची गाडी उशिरा आली. मी त्याचं म्हणणं कधी खोडलं नाही. गाडी वेळेवर आली होती, बाळांनो. बोलवायला मीच अर्धा तास लावला.