दारफळणीच्या दिवशी उघडलेलं दार

रेवदंड्याच्या बंदरात लाँच लागली तेव्हा आई माझ्या कानाशी लागून काही सांगत होती, पण वाऱ्यामुळे अर्धंच ऐकू आलं. "मासळी घेताना खवलं नि पर बघून घे. दुधाच्या टोपात मटण शिजवू नको. शुक्रवारी ऊन असतानाच दिवा लाव." कडेवर दोन वर्षांची लिया, पायाशी ट्रंक. दानियल, माझे यजमान, पुढे जाऊन जागा धरत होते. बाबा जरा लांब उभे होते. ते शाळेत शिकवत आणि आमच्या मशिदीत प्रार्थना चालवत. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायचो. बाबांनी पुढे येऊन लियाच्या डोक्यावर हात ठेवला, हिब्रूत आशीर्वाद म्हटला आणि मला एवढंच म्हणाले, "नियम सोडू नको. तिथे आठवण करून द्यायला कुणी नसेल."

दिना, धाकटी बहीण माझी, तू तेव्हा धक्क्यावर परकराचा काठ भिजवत उभी होतीस. पुढे तू बोटीने थेट इस्रायलला गेलीस, आणि तुझ्यामागून आपली निम्मी आळी गेली. तुमच्या जाण्याला सगळे जाणं म्हणतात. माझं जाणं कुणाच्या हिशेबात नाही, कारण मी देशातच राहिले. पण तुम्ही सगळे मिळून गेलात. मी जिथे आले तिथे आमच्यासारखं चौथं माणूस नव्हतं. म्हणून तुला, आणि रेवदंड्याला अजून राहिलेल्या आपल्या माणसांना, त्या पहिल्या वर्षाचं लिहिते आहे. तेव्हाच्या माझ्या पत्रांत यातलं काही नव्हतं.

दानियलना कानडी मुलखातल्या एका मोठ्या शहरात, यशवंतपूरकडच्या एका सरकारी संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली होती. घर मात्र मिळालं शहराच्या दुसऱ्या भागात, बसवनगुडीत. मालक मराठी बोलणारे होते म्हणून दानियल खूश. मालकांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला गोदक्का. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवत होते. अण्णांनी एकच विचारलं, "शाकाहारी ना?" दानियल म्हणाले, "हो." ते खरंच होतं. आमच्या नियमाप्रमाणे कोंबडी-बकरं कापून देणारं इथे कुणी ठाऊक नव्हतं, त्यामुळे मटण बंदच झालं होतं. आडनावाच्या शेवटी 'कर', माझ्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून, यांना कळेल ही जी भीती बसली ती बसलीच.

मेझुझा, ती वचनांची छोटी डबी, दाराच्या बाहेरच्या चौकटीला लावायची. मी ती आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या आड लावली. माझ्या राहेल नावाचं गोदक्कांनी राही केलं, तेही मी चालवून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी मी पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावली की त्या म्हणायच्या, "लक्ष्मीला दिवा लावतीस, छान." शनिवारी, आमच्या शबाथला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, आमची चूल पेटत नाही हे पाहून त्यांनी ठरवलं की आम्ही शनीचं व्रत करतो. त्यांनी मला मारुतीच्या देवळातला प्रसाद आणून द्यायला सुरुवात केली. देवापुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही. मी तो दोन्ही हातांनी घ्यायची, पदरात बांधायची आणि त्या आत गेल्या की गल्लीतल्या गायीला घालायची. घालताना मागे वळून बघायची. कपाळावर कुंकू का नाही, हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा स्वतःच लावलं. मी घरात येऊन पुसलं. मला दोन्हीकडची भीती वाटत होती. या बाईंना कळलं तर घर जाईल, आणि देवाला तर सगळं कळतच होतं.

मग दारफळणीचा सण आला. तुम्ही आता तिकडे त्याला योम किप्पूर म्हणता. आपल्याकडचं नाव किती नेमकं होतं! दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विस्तव नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. रेवदंड्याला त्या दिवशी आपल्या आळीतली सगळी दारं बंद असायची, आणि कोळीवाड्यातली माणसंसुद्धा आपल्या आळीतून जाताना आवाज खाली करायची. त्यांना ठाऊक होतं. बसवनगुडीत कुणाला ठाऊक होतं?

मी गोदक्कांना सांगितलं, "उद्या कडक उपास आहे. दार बंद ठेवणार."

"बरं बरं," त्या म्हणाल्या, "पण पाणी तरी पी गे."

रात्र नीट गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लिया कुरकुरायला लागली. लहान मुलांना उपास नसतो. तिच्यासाठी आदल्या दिवशीचा भात झाकून ठेवला होता, तो तिने ढकलून दिला. हात लावला तर अंग तापलेलं. दानियल खोलीच्या कोपऱ्यात सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, डोक्यावरून घेऊन उभे होते. एकट्याने सगळी प्रार्थना म्हणत होते. मी ओलं फडकं करायला तांब्या उचलला आणि थबकले. आज अंगाला पाणी लावायचं नसतं. ते लहान मुलालाही नाही का? विचारू कुणाला? बाबा इतक्या लांब. शेवटी फडकं भिजवलं आणि तिच्या कपाळावर ठेवलं.

ऊन उतरायला लागलं तसा ताप वाढला. मग एकदम लियाचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. मी कधी आकडी पाहिली नव्हती. मला वाटलं, पोर गेली.

"अहो! अहो, बघा हो हिला!"

दानियल शालीतून बाहेर आले. त्यांचा चेहरा पाहून मला आणखी भीती वाटली. ते म्हणाले, "थांब. थोडंच राहिलंय. सूर्य मावळला की डॉक्टर..."

माझी किंकाळी बाहेर गेली असणार. दारावर थापा पडायला लागल्या.

"राही! येनु आयलं गे? काय झालं? दार काढ!"

दिना, मी त्या दाराजवळ उभी राहिले. पोर खांद्यावर, हात कडीवर. आणि कडी काढली नाही. मला वाटलं, आजच्या दिवशी वर सगळ्यांचा वर्षाचा निकाल लिहिला जातो. आत्ता हे दार उघडलं तर लियाचाच निकाल बिघडेल. आणि बाहेर गोदक्का. त्या आत आल्या की पांढऱ्या कपड्यांतले आम्ही, शाल, हिब्रू पोथी, सगळंच दिसणार. मी रडत देवाचं नाव घेत होते. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "पहार आणा, दार फोडू." त्यांना वाटलं होतं, आम्ही आत काही भलतंसलतं करून घेतलं. तेवढ्यात लियाच्या घशातून एक आवाज आला, पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखा, आणि मी कडी काढली.

गोदक्कांनी आत काय आहे ते पाहिलंच नाही. त्यांनी पोर माझ्याकडून घेतलं, कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पदराने पुसली. "जटका आणा!" त्या अण्णांवर ओरडल्या. घोडागाडी आली. दानियल अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, शालीसकट माझ्यामागून चढले. त्यांनी मला अडवलं नाही, एवढं मला नेहमी आठवतं. त्या दिवशी गाडीत बसायचं नसतं. आम्ही बसलो.

इस्पितळात डॉक्टरांनी सुई दिली आणि नर्सने लियाचे कपडे काढून तिला गार पाण्याने पुसून काढायला सुरुवात केली. तेच पाणी, जे मी घाबरत घाबरत नुसतं कपाळावर लावलं होतं. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं, मग धर्म विचारला. गोदक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. दानियलनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्यू."

कारकुनाने वर पाहिलं आणि लिहून घेतलं.

लियाचं अंग निवत गेलं. अंधार पडता पडता तिने डोळे उघडले आणि "आई, पाणी" म्हणाली. मी तिला चमच्याने पाणी पाजलं. दानियल खिडकीशी उभे राहून शेवटची प्रार्थना पाठ म्हणत होते. बाहेर चांदण्या दिसायला लागल्या तरी ते थांबेनात. मी त्यांच्या हातात पेला दिला तेव्हा हळूच म्हणाले, "मी थांब म्हणालो. तिला काही झालं असतं तर?" मीही थांबलेच होते.

व्हरांड्यात गोदक्कांनी मला गाठलं. "ज्यू म्हणजे कोण? ख्रिस्ती?"

"नाही. त्यांच्याही आधीचे."

"मांस खाता?"

"खातो. पण आमच्या रीतीने कापलेलंच. इथे तसं मिळत नाही, म्हणून बंद आहे."

"आणि तो शनिवार? शनी नाही?"

"नाही, अक्का."

मग त्या म्हणाल्या, "माझा प्रसाद काय करत होतीस?"

मी खरं ते सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले, रागाने की दुःखाने, मला कळलं नाही. "गायीने खाल्ला ना," त्या म्हणाल्या, "सरी, चाललं." आणि जटक्यात जाऊन बसल्या.

आठवड्याने अण्णा आले. त्यांनी पायरीवरूनच सांगितलं, "माणसं तुम्ही चांगली. पण घरात आमचे देव, नातलगांचं येणंजाणं. संक्रांतीपर्यंत बघा दुसरीकडे." गोदक्का आतल्या दाराशी उभ्या होत्या. पण लियासाठी रोज नाचणीची पेज येत राहिली, आणि वाटी दारात ठेवून त्या विचारायच्या, "हे चालतं ना तुम्हाला?"

घर जाण्याची भीती खरी झाली आणि तिथेच संपली. दुसरी, देवाची, संपेना. आम्ही त्या दिवशी दार उघडलं होतं, अंगाला पाणी लावलं होतं, गाडीत बसलो होतो. लियाला साधा खोकला झाला तरी मला वाटायचं, आता वसूल होतंय. दानियल जेवणावरून अर्धवट उठायचे.

बसवणाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळाजवळ शेंगांची जत्रा भरली त्या सुमारास बाबा आम्हाला बघायला आले. पहिल्याच दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. प्रसाद, कुंकू, कॅलेंडरमागची मेझुझा, आणि ते दार. बाबांचा चेहरा कडक होत गेला. मी मनाची तयारी करून बसले होते.

"आकडी आल्यावर किती वेळाने दार उघडलंस?" त्यांनी विचारलं.

"थोड्या वेळाने. भीती वाटली. सण होता म्हणून."

"थोड्या वेळाने?" बाबा ओरडलेच. ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. "सणाचं काय घेऊन बसलीस? जीव जात असेल तिथे शबाथ नाही, किप्पूर नाही, काही नाही! तिथे कुणाला विचारायला जायचीसुद्धा परवानगी नाही. धावायचं. जो थांबतो तो चुकतो. हा कायदाच आहे, राहेल!"

दानियल उंबऱ्यात उभे होते. ते तिथेच खाली बसले आणि तोंड झाकून रडायला लागले. बाबांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काय खायचं नाही, काय शिवायचं नाही, सगळं शिकवलं मी हिला," ते म्हणाले. "हे शिकवायचं राहिलं."

त्यानंतर आम्ही मल्लेश्वरमला आलो. नव्या घरमालकिणीला दानियलनी भाडं ठरवायच्या आधीच सगळं सांगितलं, आणि मेझुझा बाहेरच्या चौकटीला लागली. गोदक्का एकदा बस बदलून आल्या होत्या. त्यांनी सोबत न सोललेली केळी आणली होती. "हे देवापुढचं नाही गे, बाजारातलं," आल्या आल्या त्यांनी सांगितलं.

आता बाबा नाहीत. आई तुझ्याकडे आली. तू लिहितेस की तिकडे तुम्हाला विचारतात, तुम्ही खरे यहुदी का. वाचून मला तुझ्यासाठी तीच जुनी भीती वाटली. शेवटी प्रत्येक वेळी लिहितेस, घरी ये. मी विचार करते की कुठलं घर म्हणतेस.

लिया बारा वर्षांची झाली. दुकानात ती कानडी वळणाने 'स्वल्प कमी करा' म्हणते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. या वर्षी तिला किप्पूरचा पूर्ण उपास लागू झाला. मी दिवसभर तिच्या मागे होते. डोकं दुखतं का, घेरी येते का, हात दाखव.

"आई, तू मला घाबरवतेस," ती म्हणाली आणि पोथी उघडून वडिलांच्या शेजारी जाऊन बसली.

मग मी स्वयंपाकघरात एकटीच बसून राहिले. रेवदंड्याला किप्पूरच्या दिवशी मी कधी घाबरले नव्हते. दुपारी चटईवर झोपून जायची. माझ्या वाटचं घाबरायचं काम बाबा आणि आई करत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तेच माझं घर होतं. इथे ते काम माझ्याकडे आलंय. बाहेरच्या खोलीत लिया मधेच एक शब्द चुकली, दानियलनी तो दुरुस्त केला, आणि ती पुढे वाचत राहिली, जराही न घाबरता.