दुसरा हात

सुईला घाबरून मी माझ्या नावानं धाकट्या जावेला तपासणीचं रक्त द्यायला पाठवलं, इतकी मी तेव्हा शहाणी होते. डॉक्टरांना मला साखर असल्याचा संशय होता. त्यासाठी गोंदियाला कोण जाणार? आमच्या केशोरीतच नवी लॅब निघाली होती, आणि तिथला माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं.

खरंच बघत नसे. मान खाली घालून तो फक्त हाताशी बोले. "काऊन भेऊन राहिला बापा? थोडंसंच घेतो," असं बोटांना समजावी. हाताच्या मालकानं काही विचारलं, तरी उत्तर हातालाच देई.

जाऊ हसतच परतली. "सुई तं लागलीच नाही वो बाई! तुम्ही उगाच भेता."

रिपोर्टात साखर भरमसाट निघाली. "माह्या रक्तात कायची साखर? मशीनच बिघडली हाय," म्हणत जावेनं पुन्हा गोड चहा ओतून घेतला.

डॉक्टरांनी गोळ्या देण्याआधी फेरतपासणी सांगितली. या वेळी मीच गेले. त्यानं माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. अंगठ्यानं तो एकेक बोट चाचपत राहिला. मग सुई न टोचताच त्यानं माझा हात अलगद टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हा हात आज पयल्यांदा आला, बाई. तो दुसरा कोणाचा होता? त्याले आजच घेऊन या. सुई टोचली, तं त्याले समजलंच नाही; साखरेनं तो हात बधिर करून टाकला."