रडण्यात पहिला नंबर

जोतिराम मेटकरी वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर कुणी ऐकून घेणार नाही. मंगळवेढ्याकडच्या कोरड्या गावातून, मेंढरांमागं आयुष्य घालवायचं नाही एवढंच ठरवून तो सोलापूरला आला. चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर लागला, शहराच्या कडेला बाळ्यात दोन खोल्यांचं घर केलं. दारू नाही, बायकोवर हात नाही, पोरीवर तर जीव ओवाळून टाकायचा. अशा माणसानं काही नासवलं तर तक्रार तरी कुठं करायची, असा प्रश्न पडतो.

पोरगी म्हणजे प्रियदर्शनी. चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायची. दुसरीत असताना बापाच्या शिफ्टचं महिनाभराचं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. इथवर सगळ्यांना कौतुक. पण त्याच पोरीला फ्रॉकच्या गळ्याला आतून शिवलेली चिठ्ठी दिवसभर टोचायची, वर्गात दुसऱ्याच्या हातावर छडी बसली की हिला उलटी व्हायची. एकदा सुट्टीत गावी चुलत्यानं कोकरू विकलं. त्या कोकराची आई दोन दिवस मेंढरांच्या वाड्यात ओरडत फिरली आणि ही पोरगी तिच्यामागं फिरली. जेवली नाही. एकच विचारत राहिली, "तिला कुणी सांगितलं का, त्याला कुटं नेलं ते?"

यावर काय काय उपाय झाले. पूनमनं, म्हणजे तिच्या आईनं, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारणीनं ताईत सुचवला. डॉक्टरनं टॉनिक दिलं. जोतिरामला चारचौघांत मान खाली घालावी लागायची, म्हणून तो दटावायचा, "एवढ्या तेवढ्याला रडायचं न्हाय. लोक हसतेत."

काही उपाय केला नाही तो फक्त गावी राहणाऱ्या त्याच्या आईनं, गोजाबाईनं. नात रडायला लागली की म्हातारी तिला जवळ बसवून घ्यायची आणि मेंढीच्या लोकरीतली कुसळं काढत राहायची. रडू संपेस्तोवर बोलायची नाही. संपलं की भाकरी पुढं करायची. लेकाला एकदाच म्हणाली, "कुणाचा कान तिखट असतो, कुणाचा डोळा. हिचं काळीज तसं हाय, जोत्या. त्याला औषध कसलं करतोस?"

जोतिरामनं हे ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसरीत शाळेनं तिला वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. विषय ठरलेला, माझी आई. अनिलकुमार सरांनी भाषण लिहून दिलं होतं. पोरगी माईकपुढं गेली, भाषण विसरली आणि त्या मेंढीचं सांगत सुटली. सांगता सांगता रडली. सभागृह रडलं, पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिला नंबर. मागच्या रांगेत तोंड लपवून बसलेल्या जोतिरामला शेजारच्यानं विचारलं, "तुमची का?"

"व्हय, आमचीच की," जोतिराम म्हणाला. तिच्या रडण्यानं त्याची मान वर झाली ती आयुष्यात पहिल्यांदा, आणि घात झाला तो तिथंच.

सरांनी मेंढीची गोष्ट चार मिनिटांत बसवली. कागदावर लाल पेनानं खुणा केल्या. इथं थांबणे. इथं आवाज चढवणे. इथं कंठ दाटून येणे. पोरीनं कागद वाचला आणि म्हणाली, "सर, तितं मला रडू येत न्हाय. पुढं येतं. ती तिसऱ्या दिवशी चारा खायला लागते ना, तवा."

"पुढं वेळ संपते," सर म्हणाले.

मग बार्शी झालं, अक्कलकोट झालं, मोडनिंब झालं. फ्रिजवर चषक मावेनात. ताईत सुचवणारी शेजारीण आता स्वतःच्या पोराला घेऊन सल्ला विचारायला येऊ लागली. सरांनी टाकलेला व्हिडिओ नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरला. पोरगी तीच, डोळ्यातलं पाणीही तेच. घरात आलं तर खोड आणि माईकसमोर आलं तर कला. जोतिराम सुट्टी टाकून प्रत्येक गावाला जायचा, पडद्यामागं तिच्या उजव्या हाताला उभा राहायचा आणि नाव पुकारायच्या आधी कानात म्हणायचा, "मेंढी आठव."

सहावीत असताना श्रीपूरला कारखान्याच्या वसाहतीत स्पर्धा होती. तिच्या आधी दोनच पोरं उरली होती. प्रियदर्शनी बापाला म्हणाली, "पप्पा, आज येत न्हाय."

"मेंढी आठव की."

"आठवली. पण ती आता भाषणातली मेंढी हाय."

एखाद्या बापानं म्हटलं असतं, चल, घरी जाऊ. जोतिरामनं घड्याळ बघितलं. एक पोरगं उरलं. त्याचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या. मग तो खाली वाकला आणि म्हणाला, "तुला सांगणार नव्हतो. गावाकडनं फोन आलाय. आज्जी पडली. काय खरं न्हाय म्हणतेत."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तशीच ती वर गेली. लाल खुणांपैकी एकही पाळली नाही, शब्द मागंपुढं झाले, हुंदक्यांनी माईक घुमला. पहिला नंबर आला, परीक्षकांनी खास उल्लेख केला.

परत येताना मोडनिंबला चहाला थांबले तेव्हा जोतिरामनं हसत हसत सांगून टाकलं, "आज्जी ठणठणीत हाय गं. पण नंबर कसा काढलास." पुरावा म्हणून म्हातारीला फोन लावून पोरीच्या कानाला धरला. पलीकडून गोजाबाई विचारत होती, "जेवलीस का गं माझे बाय?" पोरगी "व्हय" म्हणाली आणि फोन परत दिला. रागावली नाही, रुसली नाही. समोरचा वडापाव सगळा खाल्ला. जोतिरामला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षभरात त्यानं ही युक्ती आणखी तीनदा वापरली. एकदा पूनमला अपघात झाला, एकदा मामा गेला, एकदा पुन्हा आज्जीच. पोरगी काय खुळी नव्हती. दुसऱ्या वेळेलाच तिनं ओळखलं होतं. तरी प्रत्येक वेळी रडून दाखवलं, कारण बापाचं पडलेलं तोंड तिला बघवायचं नाही. एवढं शहाणपण त्या घरात आणखी कुणाकडं नव्हतं.

घरात मात्र ती रडायची थांबली. फ्रॉकची चिठ्ठी टोचेना. वर्गात कुणाला मार बसला तर ही वहीचं पान उलटायची. सगळे म्हणाले, समजूतदार झाली. पूनम एकटी म्हणाली, "अहो, परवा विळीनं बोट कापलं तरी गप्प होती. मला भ्या वाटतंय."

"तुला रडली तरी तरास, न्हाय रडली तरी तरास," जोतिराम म्हणाला.

यंदा मार्चमध्ये सकाळच्या शिफ्टला भावाचा फोन आला. गोजाबाई पहाटे झोपेतच गेली होती. जोतिरामनं मशीन दुसऱ्याच्या हवाली केली, पूनमला भाच्याबरोबर पुढं धाडलं आणि शाळा गाठली. वऱ्हांड्यात पोरीला बोलावून घेतलं. सांगताना त्याला बोलवेना, नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं.

प्रियदर्शनीनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, "स्पर्धा कुटं हाय?"

"स्पर्धा न्हाय गं. खरंच गेली आज्जी."

"बरं," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन आली.

गाडीवर सगळा रस्ता ती मागं ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. हेल्मेटमुळं शब्द कळत नव्हते. गाडी थांबवून विचारायचा धीर जोतिरामला झाला नाही.

गावी अंगणात गोजाबाईला निजवलं होतं. बायकांनी हंबरडा फोडला. जोतिरामची बहीण सारजाबाई धावत आली आणि भाचीला पोटाशी धरून म्हणाली, "रड गं माझे बाय. तुझ्यावर लई जीव हुता तिचा. मोकळी हो."

पोरगी म्हातारीच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिचा गळा खालीवर होत होता, नाकपुड्या फुगत होत्या, ओठ दाबून ती जोर लावत होती. काही येत नव्हतं. ती किती घाबरलीय हे जोतिरामनं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हिनं रडावं, नुसतं रडावं, कुणी बघू नये, कुणी टाळी वाजवू नये.

ती आत्याच्या हातातून सुटली, बायकांमधून वाट काढत बापाजवळ आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, येत न्हाय. लोक बघतेत. लवकर सांगा की, काय आठवू?"