कर्ता नसलेली वाक्ये

“सावध राहा म्हणत्यात न्हवं? मग ऱ्हाईल की सावध! त्यो काय ल्हान हाय?”

अण्णांचा आवाज मला दारातच ऐकू आला आणि एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी जागच्या जागी थांबले. संध्याकाळ झाली होती, तरी पायरीच्या फरशीतून दिवसभराचं ऊन तळपायाला जाणवत होतं. शेजारच्या कारखान्यातून ओल्या सुताचा आणि खळीचा आंबूस वास येत होता, मागांचा खडखडाट नेहमीसारखा भिंतीतून झिरपत होता. आमच्या दाराला आईने जुनी चादर पडद्यासारखी लावली आहे. तिच्या पलीकडे माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे मित्र नरसप्पाकाका चहा पीत बसले होते. जगाचं राजकारण हा या दोघांचा रोजचा विषय. अण्णा होटगीला रेल्वेत पॉइंट्समन होते. रूळ जुळवून गाडी बरोबर वाटेला लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं. काका अजून टॉवेलच्या मागावर उभे राहतात.

“आपल्या वरच्यांनी नुस्ता एक फोन लावला ना, तर तितलं युद्ध थांबतंय बघ,” अण्णा म्हणाले.

“आमची सून माझा फोन उचलत न्हाई रामभाऊ, आन् त्यो परदेशातला राजा ह्यांचा उचलतोय व्हय?”

दोघे हसले. मला हसू आलं नाही. कारण ‘सावध’ हा शब्द त्या दिवशी सकाळी मीच अण्णांच्या हातात ठेवला होता; आणि तो खोटा नसला तरी पुरा नव्हता.

माझा दादा तेलाच्या जहाजावर फिटर आहे. सुट्टी संपवून तो पुढच्या आठवड्यात पुन्हा जहाजावर चढायचा होता, आणि ते जहाज ज्या चिंचोळ्या समुद्रातून जाणार होतं, तिथे दुसऱ्याच देशांच्या भांडणात येत्या-जात्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्या गावच्या मुलाची काळजी समुद्रापायी करावी लागावी, हे किती विचित्र! पण हल्ली कुठल्या घराचा धागा कुठल्या देशात अडकलेला असेल, सांगता येत नाही. दूर कुठे तरी दोन नेते एकमेकांकडे पाठ फिरवतात आणि इथे आमच्या आईच्या हातून डाळीत दोनदा मीठ पडतं.

सकाळी दोन कागद आले होते. एक सरकारची सूचना आणि दुसरं जहाजाच्या कंपनीचं संमतिपत्र. दोन्ही इंग्रजीत. दादाचं इंग्रजी जहाजावरच्या कामापुरतं; आमच्या घरात असले कागद वाचणारी मी एकटीच, त्यामुळे दवाखान्याचा रिपोर्ट असो की मिक्सरची माहितीपुस्तिका, घरातला प्रत्येक इंग्रजी कागद आधी माझ्यासमोर येतो. मुळात मी बोलायला बिचकते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा आणि घरी इंग्रजी आलं की चेष्टा, अशा दोन्हीकडून मी गप्प राहायला शिकले. पण कागद वाचून दाखवायचा असला की मला कंठ फुटतो. कारण ते शब्द माझे नसतात.

सरकारच्या सूचनेत लिहिलं होतं, नागरिकांना सावधगिरी बाळगण्याचा सल्ला देण्यात येत आहे. परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवण्यात येत आहे. आवश्यक ती पावलं योग्य वेळी उचलण्यात येतील. किती सभ्य, किती गुळगुळीत वाक्यं! पण त्यांत कर्ता शोधायला जा. सल्ला कोण देत आहे? लक्ष कुणाचे डोळे ठेवत आहेत? योग्य वेळ कोण ठरवणार? व्याकरणाच्या तासाला ‘करण्यात येत आहे’ हा प्रयोग शिकताना मला कधी भीती वाटली नव्हती. आता वाटते. टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसांची मला भीती वाटत नाही. ती आपली नावं सांगून ओरडतात. मला भीती वाटते या मवाळ, निनावी वाक्यांची, ज्यांच्या मागे दार उघडून कुणीच बाहेर येत नाही.

शिवाय या भाषेला पायऱ्या असतात. गेले काही महिने मी अशा सूचना मन लावून वाचते आहे. पहिल्या पायरीवर ‘सावध राहा’. दुसरीवर ‘अत्यंत गरज नसेल तर जाऊ नका’. तिसरीवर ‘मिळेल त्या साधनाने बाहेर पडा’. ही तिसरी पायरी येते तेव्हा बहुतेक साधनं संपलेली असतात, असं मला नेहमी वाटत आलं आहे. म्हणजे पहिल्या पायरीवरच्या ‘सावध’चा खरा अर्थ ‘पुढच्या पायऱ्या आमच्या डोळ्यांना दिसत आहेत’ असा असावा. हे मी अण्णांना सांगितलं का? नाही. मी म्हटलं, “सावध राहा म्हणतात.” एवढंच.

दोन देशांचे प्रमुख भेटतात, त्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. हार, शाली, हसू, लांबलेलं हस्तांदोलन. अण्णा तालमीतल्या माणसासारखे ते फोटो पाहतात; कुणी नजर भिडवली, कुणाचा पंजा वर राहिला. माझी नजर मात्र त्या दोघांच्या मधोमध, जरा मागे बसलेल्या माणसाकडे जाते. हातात वही घेतलेला दुभाषी. पुष्कळदा फोटो कापताना त्याला वगळतात आणि कडेला फक्त त्याचं कोपर उरतं. त्या कोपराविषयी मला किती आपुलकी वाटते म्हणून सांगू! दोन बलाढ्य माणसांचे शब्द त्याच्या घशातून जातात. एखादा टोचरा शब्द त्याने कधी घासून गुळगुळीत केला असेल का? केला असेल तर त्याला झोप लागली असेल का?

मी ते काम लहानपणी केलं आहे. दुधनीची आत्या मे महिन्यात आमच्याकडे राहायला यायची. बोलताना मधेच कानडीत शिरायची आणि आमच्या हसण्यावर स्वतःही हसायची. एका वर्षी लोणच्याच्या बरणीवरून आईचं आणि तिचं बिनसलं. एक स्वयंपाकघरात, एक माडीवर, आणि निरोप्या मी. आई म्हणाली, “सांग तिला, बरणी न्यायची तर आत्ता ने म्हणावं.” मी जिना चढून सांगितलं, “आईने बोलावलंय, चहा टाकलाय.” माझ्या मते मी तह घडवून आणला होता. आत्या केस विंचरून, नवं पातळ नेसून खाली उतरली. चूल थंड होती आणि आई बरणी दारात ठेवून उभी. त्यानंतर जे भांडण झालं त्यात बरणीचं नावसुद्धा निघालं नाही, चहाचंच निघालं. “चहाला बोलावून दार दाखवलं,” असं आत्या अजून सांगते. मी तेव्हा पलंगाखाली होते.

गोड केलेला निरोप ऐकणाऱ्याला बेसावध करतो, हे मला नवव्या वर्षी कळलं होतं. मग त्या सकाळी मी पुन्हा तेच का केलं?

संमतिपत्राचा कागद मी अण्णांसमोर धरला होता. कंपनीच्या एजंटने एका चौकोनावर पिवळी खूण केली होती. त्यासमोर लिहिलं होतं, की धोक्याच्या क्षेत्रातून जायला मी स्वखुशीने तयार आहे. मी ते वाचलं. अण्णा म्हणाले, “सही कुटं करायची, तेवढं सांग पोरी.” मी बोट ठेवलं; सही संध्याकाळी निवांत करायची ठरली. दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याने पायाच्या अंगठ्याकडे बघत विचारलं, “खाली अजून काय लिहिलंय का गं?”

खाली लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात दुसरा चौकोन होता. मी जायला तयार नाही. मला दुसऱ्या जहाजावर पाठवावं. या नकारामुळे माझ्यावर कारवाई होणार नाही. मी तो वाचला होता, डोळ्यांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि मी म्हणाले, “नाही रे, तेवढंच.”

का म्हणाले? अण्णा सगळ्या गल्लीला सांगून बसले होते म्हणून? “माझं पोरगं भेणारं न्हाय,” हे वाक्य त्यांनी काकांना माझ्यादेखत तीनदा ऐकवलं होतं. एकदा असं बोलून गेलेल्या माणसाला मागे फिरायला वाट कुठे उरते? मला वाटतं, मोठमोठ्या नेत्यांचंही असंच होत असेल. त्यांच्याही खोलीत कुणी नरसप्पाकाका बसलेला असेल, त्याच्यासमोर शब्द निघून गेलेला असेल, आणि मग तो शब्द खाली पडू नये म्हणून जहाजं पुढे सरकत असतील. पण हे अण्णांचं झालं. माझं कारण याहून साधं आणि याहून वाईट होतं. दादा थांबला आणि त्याचं नुकसान झालं, तर बोट माझ्याकडे यायला नको होतं. दादा गेला आणि… तर मी फक्त कागद वाचला होता. ठरवण्यात आलं, सही करण्यात आली, पाठवण्यात आलं. माझ्याही वाक्यांत कर्ता नव्हता.

त्याच दिवशी दुपारी ऑफिसात मी पत्र टाइप करत होते. मी टॉवेलच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार बघते. माल उशिरा पोचेल, असं ग्राहकाला कळवायचं होतं. कारण काय? तर मालाच्या सुरक्षिततेसाठी जहाज त्या चिंचोळ्या समुद्रातून न नेता आफ्रिकेला वळसा घालून नेण्यात येत आहे. मी ते वाक्य दोनदा टाइप केलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना बोटं कीबोर्डवरून उचलली. आमचे टॉवेल वळसा घालून जाणार होते, आणि माझा भाऊ सरळ वाटेने.

‘तटस्थ’ हा शब्द अण्णांना फार आवडतो. आपल्या देशाने कुठल्या आंतरराष्ट्रीय मतदानात भाग घेतला नाही की ते अभिमानाने म्हणतात, “आपन तटस्थ!” राष्ट्रांना ते कधी शहाणपणाने करावं लागत असेल, मला त्यातलं फार कळत नाही. पण त्या दुपारी तो शब्द मी पहिल्यांदा फोडून पाहिला. तटावर उभा असलेला, तो तटस्थ. म्हणजे ज्याच्या पायाखाली कोरडी जमीन आहे तो. मग पाण्यात जो आहे, त्याने कुठे बघायचं?

मी साहेबांना विचारून लवकर निघाले. रिक्षात बसले, उतरले, गल्लीत शिरले, आणि दारात अण्णांचं ते वाक्य कानावर पडलं.

“म्हेश्या, पेन घे रं,” आतून अण्णा दादाला म्हणाले. “बाय येईलच आता, आली की फोटू काढून कंपनीला लावून देईल.”

“बघ बाबा, मनापासून जायचं तर जा,” नरसप्पाकाका म्हणाले. “आमी हितं बसून लई शूर हाय.”

पेनाचं टोपण उघडल्याचा बारीक आवाज आला. पडदा बाजूला सारून मी आत गेले. तिघांनी वर पाहिलं. आई परात हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादाने कागद मांडीवर घेतला होता, पेनाचं टोक पिवळ्या खुणेवर होतं, आणि तो माझ्याकडे बघत होता. सकाळी अंगठ्याकडे बघत होता, तसा नव्हे, सरळ माझ्याकडे.

मी म्हणाले, “दादा, थांब. खाली अजून एक चौकोन आहे. सकाळी मी तो मुद्दाम वाचला नाही.”